ट्रॉलीचा प्लग लावला की फ्यूज जातो

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नाशिक जिल्ह्यातून आलेले ट्रॉलीच्या लाइटचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बरेचसे एकमेकांसारखे होते. त्यातल्या पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांना तपासणीची रीत तीच लागते.

प्रश्न : लासलगावला कांदा न्यायचा तर पहाटे चारला निघावं लागतं. ट्रॅक्टरचे लाइट एकटे लावले तर कितीही वेळ चालतात. ट्रॉलीचा प्लग लावून पार्किंगचा खटका ओढला की १० अँपिअरचा फ्यूज टपकन जातो. सहा फ्यूज गेले. शेवटी ३० चा लावला, तर तो टिकला, पण डॅशबोर्डाखालून धूर आला. बल्ब सगळे नवे आहेत. चूक कुठे शोधायची?
– एक शेतकरी, ता. निफाड

उत्तर : आधी तो ३० चा फ्यूज काढून टाका आणि शोध संपेपर्यंत पार्किंगची लाइन बंदच ठेवा. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. ट्रॅक्टरच्या पार्किंग लाइनची वायर बारीक असते, बहुधा अर्धा ते एक चौ. मिमी. शॉर्ट (वायरीतलं तांबं लोखंडाला किंवा दुसऱ्या वायरीला टेकणं) अर्धवट असला आणि वीस-पंचवीस अँपिअर वाहू लागले, तर १० चा फ्यूज लगेच जातो. ३० चा मात्र तसाच बसून राहतो आणि तापते ती वायर. तिच्याबरोबर त्याच गुंडाळीतल्या शेजारच्या वायरींचं आवरणही मऊ होऊन एकमेकांना चिकटतं. तुमच्याकडे धूर आला, याचा अर्थ ट्रॉलीतल्या एका बिघाडाच्या जोडीला ट्रॅक्टरमध्ये दुसरा तयार झालेला असू शकतो. फ्यूजबॉक्सपासून मागच्या सॉकेटपर्यंतची गुंडाळी उघडून हाताने चाचपा. जिथे वायर चकचकीत, कडक किंवा चपटी लागेल तेवढा तुकडा बदला. वरून टेप गुंडाळून ते भागत नाही.

आता मूळ बिघाड. ट्रॅक्टर एकटा चालतो आणि ट्रॉली जोडली की फ्यूज जातो, म्हणजे शोधाची अर्धी जागा तुम्ही आधीच बाद केली आहे. चूक प्लगमध्ये, दांडीवरून येणाऱ्या केबलमध्ये किंवा ट्रॉलीच्या वायरिंगमध्ये आहे.

भार जास्त होतोय का, हे कागदावर दोन मिनिटांत कळतं. टेल लाइटचा बल्ब ५ वॅटचा असतो. ट्रॅक्टरचे दोन, ट्रॉलीचे दोन आणि नंबरप्लेटचा एक धरला तर २५ वॅट होतात. त्याला १२ ने भागलं की जेमतेम दोन अँपिअर. मीटरचे बारीक दिवे धरले तरी १० च्या फ्यूजला हे काहीच नाही. तेव्हा कारण भार नव्हे, शॉर्ट आहे. (त्याच लाइनवरून टेपरेकॉर्डर किंवा अ‍ॅम्प्लिफायर जोडला असेल तर हा हिशेब चुकेल. तशी जोडणी अनेक ट्रॅक्टरांवर असते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.)

जळालेला फ्यूजही थोडं बोलतो. उजेडाकडे धरून पाहा. आतली पट्टी उडून गेली असेल आणि प्लास्टिक आतून काळं किंवा रुपेरी झालं असेल, तर थेट शॉर्ट समजा. पट्टी मधेच शांतपणे वितळून छोटीशी फट पडली असेल आणि काजळी नसेल, तर भार थोडासाच जास्त होता.

पुढचा फ्यूज लावण्याआधी प्लग उघडा. सातपिनी प्लगमध्ये आत, स्क्रूच्या शेजारी १ ते ७ आकडे कोरलेले असतात. १२ व्होल्टच्या गाड्यांसाठीच्या आयएसओ १७२४ या मानकाप्रमाणे १ नंबरला डावा इंडिकेटर, पिवळी वायर. २ नंबरला मागचा फॉग लाइट, निळी. आपल्याकडे ही पिन बहुधा मोकळीच असते. ३ नंबरला अर्थ (करंट बॅटरीकडे परत जायची वाट), पांढरी. ४ ला उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ ला उजवा टेल, तपकिरी. ६ ला ब्रेक, लाल. ७ ला डावा टेल, काळी.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. काळी म्हणजे अर्थ, ही सवय हाताला इतकी लागलेली असते की प्लग बदलताना काळी वायर ट्रॉलीच्या चॅसीला (लोखंडी सांगाड्याला) आवळली जाते. या रंगसंगतीत काळी ही डाव्या टेलची चालू वायर आहे. ती चॅसीला लागली की पार्किंग ओढताक्षणी फ्यूज जाणारच. आमच्या मते तुमच्या तक्रारीत पहिला संशय इथेच घ्यायला हवा, विशेषतः गेल्या हंगामात प्लग बदलला असेल तर. दुसरी फसगत आकड्यांची. प्लग पिनांच्या बाजूने पाहिला की आकडे एका दिशेने फिरतात आणि वायर लावायच्या बाजूने पाहिला की उलट. म्हणून कोरलेला आकडा वाचूनच वायर लावा, जागेच्या अंदाजाने नको. आणि रंगांवरही आंधळा भरवसा नको. तालुक्याच्या गावी तयार झालेल्या कित्येक ट्रॉल्यांत हाताला येईल त्या रंगाची वायर ओढलेली असते.

प्लगच्या आतच आणखी एक चूक सापडते. वायर सोलताना सुटलेली तांब्याची एखादी तार शेजारच्या स्क्रूला टेकते. सोललेला भाग ६ ते ७ मिमीपेक्षा जास्त नको, तारा पिळून त्यावर लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबा आणि मगच स्क्रू आवळा. केबलला पकडणारी क्लिप ढिली असेल तर ओढ थेट स्क्रूवर येते आणि महिनाभरात तीच तार पुन्हा सुटते.

प्लग ठीक निघाला तर टेस्ट बल्ब करा. एक १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन हातभर वायरी आणि त्यांच्या टोकांना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा चपट्या लग, एवढंच साहित्य. जळालेल्या फ्यूजच्या जागी हा बल्ब बसवा. आता शॉर्ट असला तरी लाइनमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊ शकत नाही. काही जळत नाही, फ्यूज वाया जात नाहीत आणि तुम्ही तासभर शोधत बसू शकता.

ट्रॉलीचे टेल आणि नंबरप्लेटचे बल्ब काढून ठेवा, प्लग सोडवा, पार्किंग चालू करा. टेस्ट बल्ब मंद, लालसर दिसेल. तो ट्रॅक्टरच्या स्वतःच्या दिव्यांचा भार. आता प्लग लावा. ट्रॉलीत बल्बच नाहीत, तेव्हा टेस्ट बल्बच्या उजेडात तसूभरही फरक पडायला नको. तो भगभगीत पेटला तर शॉर्ट तुमच्यासमोर पकडलेला आहे. एकाने त्या बल्बवर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने केबल टप्प्याटप्प्याने हलवत मागे जायचं. ज्या ठिकाणी हात लावताच बल्ब मंद होतो किंवा लुकलुकतो, ती जागा. हलवूनही फरक पडला नाही तर ट्रॉलीच्या पुढच्या जोडावर डाव्या आणि उजव्या टेलच्या वायरी वेगळ्या करा. जी सोडल्यावर बल्ब मंद होईल तिच्याच मागे लागायचं. तिलाही मधे एक जोड असेल तर तिथे पुन्हा तोडा. असं निम्मं-निम्मं करत गेलं की पंधरा फुटांची वायर चार-पाच फुटांवर येते.

मल्टीमीटरवर बीप लावून शोधायचं असेल तर बल्ब काढलेले हवेतच. थंड बल्बचा रोध फार कमी असतो. २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे ७ ओहम दाखवेल, पण थंड असताना अर्धा-पाऊण ओहमच. ५ वॅटचाही थंडपणी दोन-तीन ओहमपर्यंत उतरतो. मीटर बीप करतो आणि धडधाकट लाइनला शॉर्ट ठरवलं जातं. बरेच जण इथेच फसतात.

जागांचा क्रम आम्ही असा ठेवू : दांडीवर केबल जिथे पिनेजवळून वळते ती जागा; चॅसीच्या चॅनलला पाडलेल्या भोकातून वायर आत जाते ती कड; मागच्या फाळक्याच्या बिजागरीजवळची जागा; आणि लाइटच्या होल्डरचा मागचा भाग, जिथे रबरी टोपी गेलेली असते आणि वायर पत्र्याला घासते. भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारं कडं) नसेल तर पत्र्याची कड सुरीसारखं काम करते. लासलगाव-विंचूर रस्त्यावरचे धक्के खात चाललेल्या ट्रॉलीत एका हंगामात वायर सोलली जाते.

दुरुस्ती करायचीच तर केबल पुन्हा तुकडे जोडून करू नका. १२ फुटी ट्रॉलीला दांडीसकट साधारण आठ मीटर सातकोअरी केबल पुरते. प्रत्येक कोअर १.५ चौ. मिमी घ्या, अर्थसाठी एक वेगळी २.५ चौ. मिमी वायर ओढली तर आणखी चांगलं. ती चॅसीला रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस चोळा. केबल लवचीक काळ्या पाइपात घाला, दर फुटाला केबल टाय मारा आणि दांडीवर वळणापुरती ढील सोडा. जोड दाबून, झाळून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. कापडी किंवा साधी चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते.

प्रश्न : फ्यूज रोज जात नाही. रिकामी ट्रॉली कधीच त्रास देत नाही. खताच्या किंवा वाळूच्या खेपेला, तेही उतरवताना किंवा बांधावर वळताना जातो. वायरमनला दाखवलं की सगळं ठीक असतं.
– एक वाचक, ता. दिंडोरी

उत्तर : तुमचा प्रश्न वाचता वाचताच निम्मं उत्तर मिळतं. हायड्रॉलिक ट्रॉलीचा हौदा उचलला की तो चॅसीपासून मागच्या बिजागरीवर फिरतो. लाइट हौद्याला मागच्या बाजूला बसवलेले असतील आणि केबल चॅसीतून आलेली असेल, तर प्रत्येक उचलीला केबल त्या जागी ताणली जाते आणि हौदा खाली बसताना चेंगरते. रिकाम्या ट्रॉलीत वजन नसल्याने वायर नुसती दबते. भरल्यावर वजनाने ती चेंगरते आणि आवरण फुटून तांबं लोखंडाला टेकतं. वायरमनकडे ट्रॉली रिकामी आणि सपाट उभी असते, म्हणून त्याला काहीच दिसत नाही. त्याचा दोष नाही.

वर सांगितलेला टेस्ट बल्ब लावा, पार्किंग चालू ठेवा आणि हौदा हळूहळू पूर्ण उचला, पुन्हा खाली घ्या. उचललेल्या हौद्याखाली डोकावायचं असेल तर आधी टेकूचा दांडा लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी आत जाऊ नये. मग ट्रॅक्टर जागेवर डावीकडे पूर्ण वळवा, उजवीकडे पूर्ण वळवा. वळताना बल्ब भडकला तर केबल तोकडी आहे किंवा दांडीच्या खाली लोंबून मागच्या टायरला लागते आहे.

उपाय म्हणजे बिजागरीजवळ केबलचा इंग्रजी यू अक्षरासारखा मोकळा वळसा ठेवणं. वळशाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावा, एक चॅसीवर आणि एक हौद्यावर, म्हणजे हलणारा भाग तेवढाच राहील. त्याहून सोपं म्हणजे लाइट हौद्यावरून काढून चॅसीच्या मागच्या आडव्या पट्टीवर बसवणं. फक्त फाळका उघडल्यावर ते झाकले जात नाहीत ना, तेवढं बघा.

प्रश्न : ट्रॉलीचा प्लग मी स्वतः बदलला. तेव्हापासून ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो, इंडिकेटर लावला की टेल लाइट लुकलुकतो. फ्यूज मात्र जात नाही. फ्यूज जायच्या आत काय करू?
– एक वाचक, येवला

उत्तर : फ्यूज जाणार नाही, कारण हा शॉर्ट नाही. ट्रॉलीचा अर्थ तुटला आहे. प्लगमधली ३ नंबरची पांढरी वायर तपासा.

अर्थ नसला की ब्रेकच्या बल्बमधून आलेला करंट परत जायला वाट शोधतो. त्याच होल्डरमधल्या दुसऱ्या तारेतून, शेजारच्या इंडिकेटरमधून, जिथून मिळेल तिथून तो ट्रॅक्टरकडे परततो. म्हणून नको ते दिवे मंद पेटतात. दांडीच्या पिनेतून अर्थ मिळतो असं समजून अनेक जण पांढरी वायर लावतच नाहीत. ग्रीस आणि गंज चढलेली ती पिन उभ्या ट्रॅक्टरला कधी साथ देते, रस्त्याला लागल्यावर देत नाही. तपासायची रीत सोपी आहे : ट्रॉलीच्या चॅसीपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक जाड वायर तात्पुरती धरा. सगळे दिवे शहाण्यासारखे वागू लागले तर निदान पक्कं.

एक अपवाद आहे. अर्थ ठीक असूनही ब्रेक दाबताना फक्त टेल लाइट उजळत असेल, तर बल्ब बघा. टेल-ब्रेकच्या दोन तारांच्या बल्बच्या कानाच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि तळाला दोन बिंदू असतात. इंडिकेटरच्या बल्बला खुंट्या समान उंचीवर आणि बिंदू एकच. झिजलेल्या होल्डरमध्ये हा एकबिंदू बल्ब जोर लावून बसवला जातो आणि त्याचा एकच बिंदू होल्डरच्या दोन्ही पट्ट्यांना टेकतो. मग ब्रेकची आणि टेलची लाइन एक होते, ब्रेकचा सगळा भार टेलच्या फ्यूजवरही येतो, आणि अशा वेळी मात्र फ्यूज जाऊ शकतो.

प्रश्न : उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतो. सगळे लाइट चालतात. पण कारखान्याच्या रांगेत पुढे सरकताना सारखा ब्रेक दाबावा लागतो, हॉर्नही वाजवावा लागतो, आणि अर्ध्या तासात ब्रेकचा १० चा फ्यूज जातो. शॉर्ट कुठेच सापडला नाही.
– एक ट्रॅक्टरचालक, ता. निफाड

उत्तर : शॉर्ट नाहीच, म्हणून सापडला नाही. हिशेब करा. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा. ट्रॅक्टरचे दोन, पहिल्या ट्रॉलीचे दोन, दुसरीचे दोन, मिळून १२६ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेदहा अँपिअर. इंजिन चालू असताना लाइनला १४ व्होल्टच्या आसपास मिळतात, तेव्हा आणखी थोडे. अनेक ट्रॅक्टरांत हॉर्न त्याच फ्यूजवर असतो, तो चार-पाच अँपिअर घेतो. एकूण पंधरा-सोळा.

आता १० चा फ्यूज ११ अँपिअरला जात नाही, तासन् तास तग धरतो. चपट्या पात्याच्या फ्यूजला साडेतेरा अँपिअर मिळाले तर तो सेकंदाच्या आत ते दहा मिनिटांत केव्हाही जाऊ शकतो, २० मिळाले तर पाच सेकंदांच्या आत जातो. तुमचा भार नेमका या मधल्या पट्ट्यात आहे. म्हणून तो कधी टिकतो, कधी जातो आणि तुम्हाला भुताटकी वाटते. हॉर्न आणि ब्रेक एकाच वेळी किती वेळ दाबलेत, यावर सगळं अवलंबून आहे.

१५ चा फ्यूज लावून मोकळं व्हावंसं वाटेल. लावू नका, ट्रॅक्टरची मूळ वायर १० च्या हिशेबाने टाकलेली आहे, ब्रेकचा स्विचही. ट्रॉल्यांना वेगळी वीज द्या आणि ट्रॅक्टरच्या लाइनला फक्त इशारा द्यायचं काम ठेवा. त्यासाठी १२ व्होल्ट ३० अँपिअरचे चारपिनी रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) चार लागतील : ब्रेक, टेल, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. बॅटरीच्या धन टोकापासून ४ चौ. मिमीची वायर घ्या आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आत २० चा फ्यूज बसवा. फ्यूज बॅटरीपासून लांब बसवला तर मधली वायर निराधार राहते. ही वायर चारही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनेला द्या. ८६ ला ट्रॅक्टरच्या सॉकेटकडे जाणारी त्या-त्या दिव्याची वायर, ८५ ला अर्थ. ८७ मधून ट्रॉलीकडे वायर न्या आणि प्रत्येक ८७ वर १० चा स्वतंत्र फ्यूज ठेवा. रिलेचं कॉइल पाव अँपिअरही घेत नाही. ट्रॅक्टरच्या ब्रेक फ्यूजवर मग त्याचे स्वतःचे दोन बल्ब आणि हॉर्न एवढंच उरतं, म्हणजे सुमारे आठ अँपिअर.

रिले सीटखाली किंवा मडगार्डच्या आत, पाणी उडणार नाही अशा जागी, पिना खाली तोंड करून बसवा. एक तोटा आहे : ट्रॉलीचा इंडिकेटर बल्ब गेला तरी ट्रॅक्टरवरच्या टिकटिकीत फरक पडणार नाही. निघण्याआधी मागे चालत जाऊन बघायची सवय ठेवावी लागेल.

दुसऱ्या ट्रॉलीचे दिवे मंद दिसत असतील तर त्याचं कारण लांबी. एक चौ. मिमी वायरीतून १४ मीटर जाताना साडेतीन अँपिअरला जवळपास पाऊण-एक व्होल्ट जातो, परतीच्या अर्थमध्ये तेवढाच. दुसऱ्या ट्रॉलीसाठी म्हणूनच १.५ पेक्षा बारीक वायर नको, अर्थ २.५ ची. आणि उसाची शेंडी लाइटवर लोंबते ती बांधा. मागून येणाऱ्याला त्या उसाआड काहीच दिसत नाही; मागे आणि बाजूंना परावर्तक पट्ट्या नसतील तर त्याही लावून घ्या.

प्रश्न : पावसात आणि ट्रॅक्टर धुतल्यावरच फ्यूज जातो, उन्हात आपोआप बरा होतो. द्राक्षबागेत फवारणीलाही हाच ट्रॅक्टर असतो.
– एक बागायतदार, ता. चांदवड

उत्तर : ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटचं झाकण उघडून बघा. स्प्रिंग गेली असेल, पिनांवर हिरवट-निळसर थर असेल. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद लोखंड आणि जोड दोन्ही खातं. युरिया, पोटॅश वाहून नेताना उडालेली पूड ओल धरून ठेवते. शुद्ध पाण्याने फ्यूज जाईल इतका करंट क्वचित वाहतो, पण क्षार आणि तांब्याचा गाळ साचलेल्या सॉकेटमध्ये दोन पिनांच्या मधे वाटच तयार झालेली असते. प्रेशरने धुताना ती ओली होते, वाळली की बंद पडते. आधी प्लास्टिक तापून थोडं काळं पडतं. तसा डाग दिसला तर सॉकेट साफ करत बसू नका, बदला. मोठा खर्च नाही.

नवीन बसवताना मागे रबरी गॅस्केट टाका, केबल खालच्या बाजूने आत घ्या आणि झाकणाची बिजागरी वर येईल असं बसवा, म्हणजे पाणी थेंबून बाहेर जाईल. पिनांना व्हॅसलीन किंवा डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. ट्रॉली सोडल्यावर प्लग जमिनीवर टाकू नका. दांडीवर एक रिकामं सॉकेट बोल्ट करून ठेवा आणि प्लग त्यात खोचा. फवारणीआधी सॉकेटवर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधली तर आणखी उत्तम.

सॉकेट कोरडं आणि स्वच्छ असूनही तक्रार राहिली, तर ट्रॉलीचे लाइट उघडा. काचेच्या खाली पाणी निचरायचं भोक असतं. लाइट उलटा बसवला की ते वर येतं आणि दिव्यात पाणी साचतं. बसवणाऱ्याची ही चूक फार दिसते.

प्रश्न : ट्रॉलीला एलईडी लाइट बसवले. फ्यूजची कटकट संपली, पण इंडिकेटर वेड्यासारखा भरभर लागतो.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर २१ वॅटच्या बल्बांच्या भारावर चालतो. एलईडी दोन-तीन वॅटच घेतो, तेव्हा फ्लॅशरला वाटतं की बल्ब गेला. १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक, भारावर अवलंबून नसलेला फ्लॅशर घ्या. भार वाढवायला ६ ओहमचा ५० वॅटचा रोधक लावतात. तो हात भाजेल इतका तापतो, कडब्याच्या ट्रॉलीत तो नकोच. आणि खरेदी करताना १२ व्होल्ट लिहिलेलं बघा. ट्रकचे २४ व्होल्टचे लाइट त्याच दुकानात, त्याच खोक्यात असतात आणि ट्रॅक्टरवर मंद पेटतात किंवा पेटतच नाहीत.

प्रश्न : ट्रॉलीच्या दांडीला वेल्डिंग करून आणली, दुसऱ्या दिवसापासून इंडिकेटरचा फ्यूज जातो. वेल्डिंगचा आणि लाइटचा काय संबंध?
– एक वाचक, ओझर

उत्तर : केबल त्याच चॅनलमधून किंवा पाइपातून जाते, संबंध तोच. बाहेरून शिवण दिसते तिथे आतल्या बाजूला लोखंड लालबुंद होतं आणि आवरण वितळून वायरी एकमेकींना चिकटतात. वेल्डिंगच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हातभर केबल बाहेर ओढून बघा. काळा, कडक भाग हाताला लगेच लागेल. पुढच्या वेळी वेल्डिंगआधी केबल ओढून बाहेर घ्या, ट्रॉलीचा प्लग ट्रॅक्टरपासून सोडवा, आणि ट्रॅक्टर जोडलेलाच राहणार असेल तर बॅटरीचं ऋण टोकही काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प शिवणीच्या शेजारीच लावायला सांगा. तो ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंट चाकांच्या बेअरिंगमधून जातो आणि मग पुढच्या महिन्यात बेअरिंगबद्दल प्रश्न येतो.